एका नावाचे दोघे

"कुत्र्याला माणसाचं एम्पाको देऊ नकोस गं, एक दिवस फजिती होईल," मावशीनं बजावलं होतं. बासेमेरानं ते हसण्यावारी नेलं. टोरो जमातीची माणसं एकमेकांना एम्पाकोनं, म्हणजे मायेच्या नावानंच हाक मारतात. आणि अशी नावं साऱ्या मुलखात मिळून डझनभरच! त्यातलंच 'अपूली' तिनं पिल्लाला दिलं. त्याला आता तेरा वर्षं झाली.

फजिती झाली ती फोर्ट पोर्टलमधल्या एका भुरभुर पावसाच्या दुपारी. ओसरीतून तिनं हाक मारली, "अपूली, चल बाबा, आधी मुतून घे!"

फाटकापाशी गमबूट घातलेला एक तरुण जागीच थबकला.

"आत्ताच... करून आलो," तो म्हणाला.

तो रुसोके, गुरांचा डॉक्टर. शेजारच्या गाईला टोचून निघाला होता. त्याचं एम्पाकोही — अपूली! बासेमेराचे कान लाजेनं तापले.

"आणि तुमचं?" त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं.

"अद्येरी. हसू नका."

"हसतोय कुठं, अद्येरी? दात वाळवतोय."

इतक्यात घरातला अपूली भिंतीचा आधार घेत, थरथरत उभा राहिला. रुसोकेचं हसू मावळलं. चिखलातच गुडघे टेकून त्यानं कुत्र्याचं पोट हलक्या हातानं चाचपलं.

"गाठ आहे. बरी होणारी नाही. मी सुई देऊ शकतो... झोपेतच जाईल. पण ठरवायचं तुम्ही."

"तुम्हीच सांगा ना!"

"मी त्याला पाच मिनिटं ओळखतो. तुम्ही तेरा वर्षं."

मग तो वेदनेच्या गोळ्या घेऊन रोज येऊ लागला. एका वेळेच्या गोळ्या... आठवड्याच्या एकदम का नाहीत, हे तिनं विचारलं नाही. तिच्या लेकीचा, केमीचा, बाप शहरात, कंपालाला गेला तो तिकडचाच झाला होता. चार वर्षांची केमी दुपारी कुत्र्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपे, आणि बासेमेरा दोघांचे श्वास मोजत बसे. याला जाऊ द्यायचं? कधी? पोरीला काय सांगायचं?

"चहा घ्या, अपूली," ती डॉक्टरला म्हणाली, की कोपऱ्यातलं म्हातारं कुत्रं धडपडत उठे.

"तुम्हाला काय म्हणू मग?"

"रुसोके म्हणा."

"नुसतं नाव? भांडल्यासारखं?"

"आई चिडली की तसंच म्हणते. तुम्ही... न चिडता म्हणून बघा."

"रु...सोके."

"नीट ऐकू नाही आलं."

"आलंय!"

शनिवारी केमीनं खेळता खेळता हाक मारली, "अपूली!" म्हातारा अपूली अर्धा उठला, कोसळला. पुन्हा उठू लागला... शेपटी हलवत. बासेमेरानं त्याला कवेत घेतलं. हाक आली की हा उठणारच. 'पुरे' असं तो कधीच म्हणणार नव्हता. ते तिलाच म्हणायचं होतं.

"उद्या सकाळी," ती रुसोकेला म्हणाली. "केमीला मी 'झोपला' नाही सांगणार, पोर झोपायला भिईल. 'मेला' असंच सांगेन."

रविवारी अव्होकाडोच्या झाडाखाली तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. केमीनं त्याचा पंजा धरला. बासेमेरा त्याच्या कानामागे बोटं फिरवत राहिली. हाक मात्र तिनं मारली नाही. रुसोकेनं सुई दिली.

नंतर कुणीच आलं नाही. "कुत्रंच तर होतं," फाटकावरूनच लोक म्हणाले.

तिसऱ्या दिवशी रुसोके आला. इस्त्रीचा सदरा, हातात औषधांची पिशवी नाही. माणूस गेल्यावर बसतात तसा चटईवर बसला.

"आज काय काम काढलंत?" तिनं विचारलं.

"दुखवट्याला आलोय." मग चटईचा काठ चाचपत — "उद्या मात्र काही कारण सापडत नाहीये. कारण नसताना आलो तर... चालेल?"

तिचे डोळे भरून आले, आणि त्यातूनच ती हसली.

"ये," ती म्हणाली. 'या' नव्हे — 'ये'. "सकाळीच ये. केमी विचारत होती... आणि मीही."

तुमच्याही आळीत कुणाचं म्हातारं कुत्रं, कुणाची मांजर परवाच गेली असेल. तिथं कुणी फिरकलं नसेल. जरा जाऊन बघाल का, ती माणसं जेवली की नाही?