झोपाळ्याखालची वाळू

घसरगुंडीच्या नळीतून दोन बूट बाहेर आले होते... आणि तिथेच अडकले होते.

"कोण आहे आत?" मी ओरडले.

"तपासणी अधिकारी," नळीतून घुमणारा आवाज आला. "जरा... ओढता का?"

मी ओढलं. एक चांगला उंचापुरा माणूस धपकन गवतावर आला. केसांत कोळिष्टकं, कान लालबुंद.

माझ्या बालवाडीमागच्या पडीक जागेत मुलांसाठी बाग व्हावी म्हणून मी वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. रविवारी उद्घाटन होतं. राहिली होती फक्त याची सही.

"घसरगुंडी पास," तो कपडे झटकत म्हणाला. "झोपाळा नाही. खाली जमीन दगडासारखी आहे. फूटभर वाळू हवी."

"दोन दिवसांत? रविवार चुकला तर ही जागा पार्किंगला जाईल, माहितीये?"

"पडलेलं मूल मी पाहिलंय, बाई," तो हळूच म्हणाला, आणि सही न करताच निघून गेला.

मी दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडली. मग फोन करकरून एका पालकाकडून वाळू मिळवली. पण ती पसरणार कोण?

शनिवारी सकाळी फाटकात तो उभा. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर फावडं.

"स्वतःच पसरायची आणि स्वतःच पास करायची?" मी विचारलं.

"छे! सहीला दुसरा येईल. माझ्यापेक्षा खडूस आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं, मी तुम्हाला खडूस म्हणते?"

"आत्ता... तुम्हीच," तो हसला. त्याच्या गालाला वाळू लागली होती. पुसावीशी वाटली, म्हणून मी घाईघाईने घमेलं उचललं.

संध्याकाळी सही झाली.

रविवारी बाग नुसती किलबिलत होती. माझी भाची झोपाळ्यावर उंच, आणखी उंच... आणि तिचे हात सुटले.

ताई किंचाळली. धप्प!

मी धावले. भाचीने मान वर केली. नाकावर वाळू, डोळे चमकलेले.

"मावशी, परत!"

सगळे हसले. मी मात्र तिथेच बसून रडायला लागले. तो गर्दीतून वाट काढत शेजारी येऊन टेकला.

"तुम्ही हट्ट धरला नसता तर..." मी भाचीकडे बघत म्हणाले.

"आणखी एक हट्ट आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "रोज संध्याकाळी इथे यायचा. तपासायला नाही... तुला बघायला."

"तुला?" मी डोळे पुसले. "परवापर्यंत मी 'बाई' होते."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "चुकलं का माझं?"

छातीवरचं सगळं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मी त्याचा हात धरला, वाळूसकट.

"चुकलंच. दोन दिवस उशीर केलास."