समोरची खुर्ची

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडा. ज्या घरात बसून मी हे लिहितेय, त्याच घरात हे घडतंय. आणि तेही भरदुपारी. रात्रीचं असतं तर स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं.

आमचे हे इतिहासकार. प्रशांत महासागरातलं युद्ध हा त्यांचा विषय. सगळी हयात म्हाताऱ्या सैनिकांच्या मुलाखती घेण्यात गेली. पद्धत ठरलेली. समोर खुर्ची, टेबलावर रेकॉर्डर आणि पाहुण्यासाठी पाण्याचा ग्लास. युद्धाबद्दल बोलताना माणसाचा घसा कोरडा पडतो म्हणे.

युद्धकैद्यांना नेताना बुडालेल्या एका जहाजावरचं पुस्तक मात्र अडलं होतं. वर डेकवर ठेवलेले काही कैदी वाचले. तळाशी कोंडलेल्यांपैकी एकही नाही. मग शेवटचं प्रकरण लिहायचं कुणाच्या तोंडून? ह्यांनी हायच खाल्ली होती.

आणि गेल्या महिन्यात अचानक खुलले.

जेवण झालं की अभ्यासिकेत जायचं, दार लोटून घ्यायचं. आत कुजबुज. मधूनच हसणं...

मी ताईला फोन केला.

"अगं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. "लक्ष ठेव."

"ह्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, बाई कुठून सापडणार?"

हसले खरी. पण मनात पाल चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी दाराला कान लावला.

"मग पाणी कुठपर्यंत आलं?" ह्यांचा आवाज.

शांतता...

"आणि दार बाहेरून कुणी लावलं?"

शांतता...

मी दार ढकललं.

हे एकटेच. समोरची खुर्ची रिकामी, पण तिची गादी चिंब. ग्लास तळापर्यंत संपलेला. खोलीभर खारट वास. अहो, समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे!

"कोण होतं इथे?"

"साक्षीदार," हे म्हणाले. "मिळाला गं एकदाचा."

त्यांच्या ओठांवर मिठाचे पांढरे कण होते.

मी भांडले, रडले. "खड्ड्यात जाऊ दे ते पुस्तक, मला माझा नवरा हवाय!"

"एवढं प्रकरण होऊ दे," एवढंच म्हणाले.

काल हे अंघोळीला गेल्यावर मी रेकॉर्डर लावला. म्हटलं, ह्यांचे प्रश्न तरी ऐकू.

पण हे प्रश्न विचारत नव्हते.

हे उत्तरं देत होते.

शांतता... "हो, बायको आहे."

शांतता... "आत्ता? दाराबाहेर उभी असेल."

मागे कुठेतरी पाणी डुचमळलं...

"नाही. तिला पोहता येत नाही."

आणि मग ह्यांनी माझं नाव सांगितलं. लग्न झाल्यापासून 'अगं' सोडून दुसरी हाक मारली नाही ह्या माणसाने. माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, ते असं.

बॅग भरून ठेवलीय. पण ह्यांना इथे टाकून पाय निघत नाही.

आज दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. हे माझ्या समोर.

तेवढ्यात अभ्यासिकेतून हाक आली...

माझ्या नावाने.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान वरही केली नाही.

"जा ना," हे म्हणाले. "बिचारा कधीचा ताटकळलाय."

मी अजून गेलेले नाही. पण हाकाही थांबलेल्या नाहीत.