कुपाणापलीकडची बाई

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्यावर गुदरलेली आहे. साल १९७६, वैशाख महिना, देवगाव फाट्याजवळचं आमचं गाव. आणि वेळ भर दुपारची. रात्रीच्या गोष्टी सांगणारे खूप भेटतात. माझं जे झालं, ते लख्ख उन्हात झालं.

मी रुख्मिणी. तेव्हा मला सातवा महिना होता. आधीचं एक पोटातच गेलेलं. त्यामुळे जीव मुठीत धरून दिवस काढत होते.

परसात सासूबाईंनी, म्हणजे चांगुणाबाईंनी, डाळिंब लावलं होतं. न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेलं. त्या वर्षी त्याला नऊ फळं धरली होती.

माझ्या माहेरी कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवत नसत. फळ गळतं म्हणे. दाखवायचंच तर बोट वाकवून दाखवायचं.

सासूबाई हसायच्या. "दीक्षा घेतली तवाच, छप्पन सालीच सोडलं आमी हे समदं." आणि मुद्दाम बोट रोखून एकेक फळ मोजायच्या.

एकही कधी गळलं नाही. मग मीही बोट वाकवायचं सोडलं.

त्या दुपारी सगळे रानात होते. सासूबाई आत आडव्या झालेल्या. मी डाळिंबाखाली बसले होते. जात्यावर डाळ भरडत होते.

जातं आपोआप थांबलं...

बोराटीच्या कुपाणापलीकडून बाईचा आवाज आला. "लय चांगलं फळ कोन्तं हाय गं? दाव की."

गावातलीच कुणी असेल. मी बोट केलं.

सकाळी तेच फळ खाली पडलेलं. फोडलं, तर आतून काळं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच. दुसरं फळ गेलं. मग मी सासूबाईंना त्या बाईचं सांगितलं.

"कीड हाय," सासूबाई म्हणाल्या. तरी कुपाणापलीकडे जाऊन पाहून आल्या. तिकडे आमचीच नांगरलेली पट्टी होती. ढेकळांत पाऊल म्हणून उमटलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी जातं थांबलं, तेव्हा मला उठून आत जायचं होतं. पाय हलेनात.

"तुजं फळ कोन्तं गं?" आवाजात हसू होतं. "दाव की..."

माझं बोट पोटाकडे वळायला लागलं. मी वळवत नव्हते.

कुणीतरी मनगट गच्च धरलं. सासूबाई होत्या. त्यांनी माझं बोट दुमडून मुठीत दाबलं. दुसऱ्या हाताचं बोट सरळ स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"हे घे," कुपाणाकडे बघत म्हणाल्या. "पिकल्यालं हाय."

पलीकडे सगळं गप्प...

मग जातं पुन्हा फिरायला लागलं. मी रडायला लागले, तर माझ्यावरच डाफरल्या. "कोन हाय तिथं? कुनी न्हाई. आपन असलं मानत न्हाई."

दुसऱ्या सकाळी त्या उठल्या नाहीत. सेलूहून आलेले डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सगळ्यांना पटलं. मीही मान हलवली.

दोन महिन्यांनी मुलगी झाली, धडधाकट. आता पन्नाशीला आलीय. आजी कशानं गेली, असं ती विचारते. मी ऊन सांगते.

खरं सांगायला धीर होत नाही. सासूबाई 'हे घे' म्हणाल्या, तेव्हा पलीकडून हो आलं नव्हतं. तिनं मागितलेलं फळ तर वेगळंच होतं.