ताईला सांगितलेला पासवर्ड

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या धाकट्या मामाच्या बाबतीत घडली आहे, आणि मामाला साधा विनोदसुद्धा रंगवून सांगता येत नाही. आता विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

गेल्या वर्षीचा एक शनिवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

मामा वायफाय दुरुस्त करतो. त्या दिवशी त्याला भाषांतराच्या एका छोट्या ऑफिसात बोलावलं होतं. दुसरा मजला, दोन खोल्या. अर्धा दिवस भरून बाकीचे घरी गेले होते. मालकीणबाई तेवढ्या थांबल्या होत्या.

"पुढे रेंज असते, मागच्या खोलीत गेलं की गायब," मॅडम म्हणाल्या. "सगळे वैतागलेत. नाहीतर मी बोलावलंच नसतं तुम्हाला."

राउटर लोखंडी कपाटात, फायलींच्या मागे कोंबलेला होता. मामाने कपाळावर हात मारला.

"अहो, असं कोंडल्यावर तो बिचारा तरी काय करणार?"

त्याने राउटर बाहेर काढून भिंतीवर चढवला आणि फोन हातात धरून मागच्या खोलीत गेला.

काही फरक नाही.

तिथे दोन टेबलं होती. कोपऱ्यातलं रिकामं, पण रोज पुसल्यासारखं स्वच्छ. त्याच्याजवळ गेलं की फोनवरची रेंजची शेवटची काडीही जायची...

मामाने लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि वायफाय कोण कोण वापरतंय ती यादी उघडली. मॅडमचा फोन, त्यांचा कॉम्प्युटर, प्रिंटर. तीन.

यादीत चार होते.

चौथ्याला नाव नव्हतं. आणि सगळी रेंज तोच ओढत होता.

अशांना मामा 'फुकटे' म्हणतो. शेजारपाजारचं कोणीतरी पासवर्ड मिळवतं आणि मजेत वापरतं. मामाने नेहमीच्या सवयीने, मॅडमना न विचारता, त्या फुकट्याला बंदी घातली. पासवर्ड बदलला. बाकीची तिन्ही यंत्रं स्वतःच नव्याने जोडून दिली.

रेंज चुटकीसरशी आली. कोपऱ्यातसुद्धा.

"झालं काम! एक फुकट्या चिकटला होता, दिला हाकलून."

मॅडमचं लक्षच नव्हतं. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

चार वाजले...

चार वाजून पाच मिनिटं...

"प्रिंटर चालू आहे ना हो?" त्यांनी विचारलं.

"आहे की. का?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते टेबल माझ्या ताईचं. हे ऑफिस आम्ही दोघींनी काढलं. अकरा महिने झाले तिला जाऊन. रोज चारला ती फोनवरून प्रिंट द्यायची आणि इथूनच ओरडायची, 'कागद घे गं!' अजूनही रोज चारला एक कागद निघतो... कोरा."

मामा हसणारच होता. पण मॅडमनी ताईचा ड्रॉवर उघडला. आत कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. शेजारी ताईचा फोन, कधीचा बंद पडलेला.

"तुम्ही तिला हाकललंत?"

मामाने बंदी काढली. यादीत तीनच राहिले.

"पासवर्ड बदललाय ना," तो पुटपुटला. "जुना काय होता?"

"तो ताईनेच ठेवला होता. मला माहीत नाही. नवा सांगा."

त्याने सांगितला. मॅडम त्या रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन वाकल्या.

"ताई, पिवळं स्टूल. सगळं जोडून हं. पुढे चार, दोन, नऊ."

मग पुन्हा एकदा, मोठ्याने आणि सावकाश. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं.

यादीत तीन...

तीन...

चार.

प्रिंटर घरघरला. एक कोरा कागद बाहेर आला. मॅडम तो छातीशी धरून हमसून हमसून रडल्या. मामालाही भरून आलं. डोळे पुसत त्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

यादीत पाच होते.

पासवर्ड मोठ्याने सांगितला होता. त्या खोलीत जे कोणी होतं, त्या सगळ्यांनी तो ऐकला होता.

मामाने लॅपटॉप मिटला. पुन्हा हाकलायचं तर कोणाला? नाव दोघांनाही नव्हतं. त्यातली ताई कोणती, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

महिन्यापूर्वी मॅडमचा फोन आला होता. आवाजात नुसता आनंद.

"आता दिवसाला चार-पाच कागद निघतात हो! ताई खूश दिसतेय. मी रोज संध्याकाळी एकटीच थांबते तिच्याजवळ."

मामा "बरं वाटलं ऐकून" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यांना खरं सांगू की नको, असं तो मला अजून विचारतो.