कोऱ्या प्लेटवरच्या रेघा

भूत नावाच्या प्रकाराला मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. आता, त्या रविवारनंतर महिनाभर बाटल्या धुवायच्या खोलीत जाताना मी बायकोशी फोन चालू ठेवायचो, पण ते भीतीपोटी नव्हे. बोलायला विषय असायचे इतकंच. ती म्हणते, विषय एकच होता: "तू फोन ठेवू नकोस."

विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी तीस वर्षं काचा धुतल्या. सातवी पास, म्हणजे जवळजवळ पास. पण पीएचडीवाले सगळे माझ्याच हाताखालून गेले. ते जंतू वाढवायचे आणि मी ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कुकरच्या थोरल्या भावात, शिजवून मारायचो. तेव्हा वरचढ कोण ते तुम्हीच ठरवा. खोड्याही पुष्कळ केल्या. एका शहाण्याच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेली भरलेल्या बशीवर, जंतूंच्याच मिश्या उगवून ठेवल्या होत्या. म्हणून तर ही भानगड पहिल्यांदा माझ्या अंगावर आली.

विभागात एक मुलगी होती. पदवी अजून मिळायची होती, पण चिडावी म्हणून मी तिला डॉक्टरीणबाई म्हणायचो. पाच वर्षांचं काम तयार, पण तिचे गाईड, आमचे मोठे सर, सही देईनात. "तुझी कोरी प्लेट स्वच्छ नाही. पुन्हा कर." कोरी प्लेट म्हणजे बाकीच्यांसारखीच एक, फक्त तिच्यावर जंतू लावायचे नाहीत. ती कोरीच राहिली पाहिजे. तिच्यावर काही उगवलं की बाकीचं सगळं काम खोटं.

"पुन्हा कर" म्हणता म्हणता सर चार महिन्यांपूर्वी वारले. नव्या मॅडम म्हणाल्या, एकदा स्वच्छ निकाल दाखव, मी सही करते. सोमवारी मुदत संपत होती. संपली की पाच वर्षं पाण्यात.

आणि लागोपाठ तीन वेळा तिच्या कोऱ्या प्लेटवर रेघा उगवल्या.

नुसता बुरा आला असता तर म्हटलं असतं, पोरीनं हात धुतले नसतील. पण तारेनं जंतूंच्या रेघा ओढायची ज्याची त्याची ढब असते, सहीसारखी. ह्या रेघा उजवीकडून डावीकडे जात होत्या आणि शेवटी आकड्यासारख्या वळत होत्या. तशा ओढणारा आमच्याकडे एकच माणूस होता, आणि त्याला आम्ही सगळेच पोचवून आलो होतो.

"मामा, खरं सांगा. तुम्हीच ना?"

"मिश्या माझ्या. ह्या रेघा नाहीत. आईशपथ."

"तुमच्या आईला तरी किती दमवाल, मामा."

रविवारी सकाळी सातला तिनं ताज्या प्लेटा ठेवल्या. मला कशालाच शिवू दिलं नाही. समोर खुर्चीत बसवलं, हात मांडीवर, नापास मुलासारखं. इन्क्युबेटर, म्हणजे जंतू उबवायचं कपाट, बंद केलं, दारावर चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली. हे जंतू भराभर वाढणारे. दिवस कलेपर्यंत निकाल लागणार होता.

जेमतेम अर्धा तास झाला आणि वीज गेली. पंखा, फ्रीज, कपाटाची घरघर, सगळं हळूहळू बसत गेलं. खिडकीत लख्ख ऊन होतं, पण ते खोलीत शिरत नव्हतं. मग वास आला, नुकत्याच विझवलेल्या स्पिरिटच्या दिव्याचा. आमचा दिवा कधीच थंड झाला होता.

आणि बंद कपाटाच्या आतून आवाज आला. चर्र... लाल तापलेली तार ओल्या जेलीत टेकवल्यावर येतो तो. कामाला लागण्याआधी सर तार अशीच गार करून घ्यायचे.

"बाई... ऐकलंस?"

"ऐकलं."

"चल, जाऊ या... उद्या मॅडमना सांगू..."

"तुम्ही जा, मामा."

पाय जागचे हलले असते तर गेलोही असतो.

ती उठली, कपाटापुढे उभी राहिली. आवाज हजेरी द्यावी इतका साधा.

"सर, तुम्ही म्हणालात तितक्या वेळा पुन्हा केलं. आता काम माझं आहे. रेघा ओढायच्याच असतील तर ही वेगळी प्लेट घ्या. माझीला हात लावायचा नाही."

तिनं पट्टी फाडली, एका नव्या प्लेटवर 'सर' असं लिहिलं आणि ती वरच्या फळीवर ठेवली. दार लावलं, नवी पट्टी, नवी सही. आत एकदा... चर्र झालं. मग वीज आली. दिवसभर काही नाही.

पाच वाजता उघडलं. तिच्या प्लेटा भरलेल्या. कोरी प्लेट कोरी. ती कितीतरी वेळ खिडकीशी धरून बघत राहिली, मग शांतपणे वहीत लिहिलं: स्वच्छ.

माझी जीभ सैल झाली. वरची प्लेट तिनं काढली. तिच्यावर एकही रेघ नव्हती. मधोमध पांढुरक्या जंतूंचा एकच ठसा उगवला होता, अंगठ्याचा. त्यातलं वळण न् वळण दिसत होतं.

"बघ बाई," मी म्हटलं, "जन्मभर विद्वान म्हणून मिरवला, तुला सही दिली नाही, आणि मेल्यावर अंगठेबहाद्दर झाला."

ती हसली नाही. प्लेट उजेडात तिरकी धरून तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

"मामा, ह्या अंगठ्यावर आडवा काप आहे, काच लागल्याचा. तुमच्या अंगठ्यावर आहे तसाच. आणि तुम्ही तर सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाहीत."