कोटाच्या खिशातलं सव्वा किलो

त्यांची पहिली भेट झाली ती वजनकाट्यावर. प्रेम काय, कुठेही जमतं, पण भेटल्या भेटल्या "आज किती भरलात?" असं विचारणाऱ्या बाईवर जीव जडलेला मी तरी एकदाच पाहिला.

तो घड्याळजी. हात असा, की सूर्यसुद्धा उगवायच्या आधी त्याच्या दुकानात डोकावून वेळ बघून जायचा. ती डायलिसिसच्या खोलीतली टेक्निशियन. आवाज असा, की ओरडली तर बंद मशीन भीतीने सुरू व्हायचं! त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास तो तिच्या ताब्यात.

"हे मशीन माझी मूत्रपिंडं दुरुस्त करणार का?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही. त्यांचं काम करणार. रक्तातली घाण काढणार, साठलेलं पाणी काढणार. परवा परत साठेल, परत काढू."

"म्हणजे घड्याळ बंदच. शेजारी बसून कुणीतरी वेळ ओरडून सांगायची."

ती हसली... आणि घड्याळजीचा काटा तिथेच अडकला.

वर्षभर असंच चाललं. आधी वजन. त्याचं ठरलेलं वजन बासष्ट किलो; वर जेवढं भरेल तेवढं पाणी ती मशीनला काढायला सांगे. मग त्याच्या मनगटावर बोटं ठेवी. तिथे ऑपरेशनने जोडलेल्या शिरेत बारीक घुरघुर लागते. ती लागली की सुई.

"चालतंय," ती म्हणे.

"तुमचं बोट लागलं की जरा पुढे धावतं."

"गप्प बसा. हलू नका."

मग डॉक्टरांनी त्याला घरच्या घरी पोटातून करायचं डायलिसिस ठरवून दिलं. घरी त्याची आत्या, ती तर पोटात सोडायच्या औषधी पाण्याच्या पिशव्या बदलायला शिकूनही आली. आता शेवटचा शुक्रवार. आज बोललं नाही, तर पुढे इथे यायचं निमित्तच संपलं.

त्या दिवशी तो जाडजूड कोट घालून काट्यावर चढला.

"पासष्ट दोनशे? दोन दिवसांत?" ती कडाडली. "पाणी प्यायलात की विहीर? कोट काढा बघू."

"थंडी वाजतेय हो..."

"शेवटच्या दिवशी तरी शहाण्यासारखं वागायचं!"

काट्यावरून उतरल्यावरच त्याने कोट अलगद खुंटीला अडकवला आणि आडवा झाला. तिने रागाच्या भरात पुन्हा वजन न करताच मशीनला तीन लिटर दोनशे सांगितलं.

चौथ्या तासाला त्याच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की पलंग दोन पावलं सरकला म्हणतात. चेहरा पांढराफटक, डोळ्यांसमोर अंधारी. तिने झटकन पाणी काढणं थांबवलं, पाय उंच केले, सलाईन सोडलं. ओरडली मात्र नाही.

तो जरा सावरतोय, तोच किणकिण वाजायला लागलं. तिने सगळी मशीनं तपासली. आवाज येत होता कोटातून.

खिशातून निघालं पितळी टेबल-घड्याळ. तिने काट्यावर ठेवलं... चांगलं सव्वा किलो.

"हे घेऊन वजन केलंत? हे वजन मी तुमच्या रक्तातून काढत होते! जीव गेला असता, कळतंय का?"

"घड्याळ तुमच्यासाठी केलंय. आधी सांगितलं असतं, तर गंमत गेली असती."

"गंमत!" तिने डोळे पुसले. "अहो, सांगायचं काय होतं एवढं?"

"हेच... की याला आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागते. किल्ली माझ्याकडे राहिली, तर मला इथे—"

"किल्ली इकडे द्या."

त्याचा चेहरा पडला. किल्ली दिली.

"किल्ली मीच देईन," ती म्हणाली. "बिघडलं, की दुकानात घेऊन येईन."

"बिघडणार नाही. मी स्वतः बनवलंय."

"बिघडवता येतं मला." तिने सुया काढून मनगट दाबून धरलं. रक्त केव्हाच थांबलं, तरी बोटं तिथेच. "आणि उद्यापासून तुम्ही माझे पेशंट नाही. तेव्हा जे विचारायचंय ते आज नाही, रविवारी विचारा."

रविवारी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. घड्याळ बंद. आत साबणाचं पाणी गेलेलं, चांगलं पाव लिटर!