फुप्फुसातला माल

दवाखान्याच्या दारानेच नरसव्वा कोडमला अडवलं. तिने पाऊल आत टाकलं, चौकट लाल झाली आणि शटर खाली आलं. आत तिची लेक श्यामला बाळंतपणाच्या कळा सोसत होती. पहिलटकरीण.

सोलापुरात आता प्रत्येक सरकारी दाराला अशी चौकट बसत होती; या दाराला ती आज सकाळीच, श्यामला आत गेल्यावर बसली होती. लोक तिला 'हुंगी' म्हणायचे. तिच्यामागचं शास्त्र साधं. तंबाखूच्या बियाण्यातच एक वंशखूण घातलेली असे. रोपाच्या पेशीपेशीत लिहिलेली ओळख, कुठल्या शेतातली, कुठल्या कारखान्यासाठी. ही खूण सतत बारीक वास सोडते. माणसाला तो येत नाही, हुंगीला येतो. कर भरून माल पाकिटात गेला की त्यावर फवारा मारतात आणि खूण कायमची गप्प होते. म्हणजे बोलती खूण सापडली की माल चोरटा. इतर शहरांत तस्करी बंद पडली, साहेबलोकांना बक्षिसं मिळाली, फोटो छापून आले.

"माल कुठाय?" निरीक्षक हरकुडेने विचारलं.

"कसला माल? माझी लेक अडलीय आत."

बायका-शिपायांनी तिला आडोशाला नेऊन झडती घेतली. आंघोळ घातली, दवाखान्याचा झगा चढवला. हुंगी पुन्हा लाल.

"गिळलीस काय?"

"गिळायला ती काय जिलेबी हाय?"

ही वंशखूण शोधून काढलेल्या डॉ. मृणाल सबनीस यंत्रांच्या तपासणीसाठी शहरात होत्याच. हरकुडेने त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी हातातली नळी नरसव्वाच्या अंगावरून फिरवली. छातीपाशी दिवा पेटला.

"मावशी, काम काय करता?"

"विड्या वळते. लग्नाच्या आधीपासनं."

"घरी?"

"मग काय बंगल्यात? कारखान्यातनं पानं आणि तंबाखू आणायची, सूप मांडीवर घ्यायचं, वळून परत द्यायच्या. पाकिटं तिकडं भरतात."

डॉक्टर नळीकडे बघत राहिल्या. फवारा पाकिटावर बसतो. नरसव्वाच्या सुपातून उडणारी धूळ त्याआधीची.

"आम्ही ओढणाऱ्यांवर तपासलं," त्या हळू म्हणाल्या. "विकणाऱ्यांवर तपासलं."

"आणि वळणाऱ्यांवर?"

"कुणाच्या डोक्यात आलं नाही."

"आमच्या छातीत बसलं की."

हरकुडे चुळबुळला. "मॅडम, यंत्र चुकलं असं लिहून द्या. दार उघडतो."

"तसं लिहिलं तर आत टाकलेले सगळे तस्कर उद्या सुटतील. आणि यंत्र चुकलेलं नाही. कर न भरलेली तंबाखू यांच्या फुप्फुसात आहेच."

"मग उलटा माग काढा," नरसव्वा म्हणाली. "कारखान्याचं नाव दिसतंय ना त्यात?"

"दिसतं. पण कायद्यानं माल ज्याच्याकडे सापडला, तोच धनी."

"हा कायदा कारखानदारांनी केला का?"

"त्यांना विचारून केला," डॉक्टर म्हणाल्या.

आतून रडणं ऐकू आलं. शटर वर झालं. नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन हसत बाहेर आली. "आजी, नात झाली. श्यामला बरी आहे."

चौकट लाल झाली. नर्सच्या मागे शटर आदळलं.

श्यामला दिवस भरेपर्यंत सूप मांडीवर घेऊनच बसली होती.

नरसव्वाने बाळ छातीशी धरलं. हरकुडेच्या पडद्यावर साठेदाराच्या नावाचा रकाना उघडला होता. त्याचा आवाज खाली आला. "नाव सांगा."

"बारशाआधी नाव घेत नाहीत आमच्यात."

यंत्र कुणासाठी थांबत नव्हतं. त्याने रकान्यात आपणच एक क्रमांक भरला आणि पुढची ओळ दाखवली. डॉक्टर पटकन पडद्यासमोर आडव्या आल्या. नरसव्वाला वाचता येत असेल असं कुणी धरलंच नव्हतं. तिने मान वाकडी करून मोठ्याने वाचलं, "जप्त माल जाळण्याची तारीख भरा."

हरकुडेने हात मागे घेतला.

डॉक्टरांनी पिशवीतून फवाऱ्याची बाटली काढली. "थोडासा दोघींच्या नाकापाशी मारते. खूण गप्प होईल. तुम्हाला आत जाता येईल."

"हा तरी कुणावर तपासलाय, बाई?"

डॉक्टरांचं बोट फवाऱ्याच्या खटक्यावरून उतरलं. बाटली मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

नरसव्वाने दुपट्याचा कोपरा बाळाच्या नाकावर ओढला आणि त्या लाल उजेडात, बंद दाराला पाठ लावून उभी राहिली.